घरभर इंटरनेट हवं असेल तर आधी वायर, मग वायफाय

पुण्यात नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलं की पहिल्या आठवड्यात नेटचं कनेक्शन येतं आणि दुसऱ्या आठवड्यात तक्रार सुरू होते. हॉलमध्ये छान चालतं, मागच्या बेडरूममध्ये मात्र व्हिडिओ कॉल अडकतो. मग कंपनीला फोन होतो, १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा होतो आणि बेडरूममधलं रडगाणं तसंच राहतं. कारण घरापर्यंत येणारी लाइन आणि घरात फिरणारं वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन वाढवल्याने पहिली सुधारते. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत दुखणं दुसऱ्या गोष्टीचं असतं आणि त्यावरचा इलाज प्लॅनच्या वाढीव पैशांपेक्षा स्वस्त पडतो.

एकाच कनेक्शनवर आई-बाबांचे फोन, मुलांचा अभ्यास, कोणाचं घरून काम, टीव्ही, प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा हे सगळं चालवायचं आहे, पण राउटरचं सेटिंग आजवर कधी उघडलेलं नाही, अशांसाठी हा लेख आहे. शक्यतो याच क्रमाने काम करा. पुढच्या पायऱ्या आधीच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कनेक्शन घेण्याआधी चार प्रश्न

सर्वांत आधी वॉचमनला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा की इमारतीत कोणाकोणाची फायबर आधीच आलेली आहे. जिने किंवा लिफ्टच्या बाजूच्या डक्टमध्ये प्रत्येक कंपनीची छोटी डबी असते आणि तिथून प्रत्येक घराला बारीक वायर जाते. ज्या कंपनीची डबी आहे तिचं कनेक्शन लवकर मिळतं. नसेल तर नव्या कंपनीला सोसायटीची परवानगी लागते आणि त्यात किती दिवस जातील हे समितीच्या बैठकीवर ठरतं.

दुसरा प्रश्न नेटवाल्याला: फायबर थेट माझ्या घरात येणार, की गच्चीवर तुमचा स्विच (एका लाइनमधून अनेक घरांना नेट वाटणारी, विजेवर चालणारी पेटी) आहे आणि तिथून लॅनची, म्हणजे तांब्याची, वायर खाली येणार? काही इमारतींत अजूनही दुसरा प्रकार दिसतो. त्याचे दोन तोटे आहेत. इमारतीची वीज गेली की गच्चीवरचा स्विच बंद पडतो, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी नेट जातं. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन आला की उघड्यावरच्या तांब्याच्या वायरीतून झटका येऊन राउटरचं पोर्ट (वायर खोचायची जागा) जळू शकतं. फायबर काचेची असते, ती वीज वाहून आणत नाही. डक्टमधल्या डबीतला स्प्लिटरही (एका फायबरच्या अनेक फांद्या करणारा जोड) विजेशिवाय चालतो. म्हणून थेट फायबर मिळत असेल तर तीच घ्या.

तिसरा प्रश्न अपलोडचा. जाहिरातीत डाउनलोडचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. घरून काम करणाऱ्याला, ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याला किंवा कॅमेऱ्याचं चित्रण बाहेर पाठवणाऱ्याला अपलोड तितकंच महत्त्वाचं. दोन्ही बाजूंना सारखा वेग देणारा प्लॅन मिळत असेल तर बरं.

चौथा प्रश्न पैशांचा आणि मर्यादेचा. सांगितलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ५९९ चा प्लॅन प्रत्यक्षात सातशेच्या वर जातो. 'अनलिमिटेड' म्हटलेल्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, ती ओलांडल्यावर वेग किती उरेल ते विचारून घ्या. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेला. आज २ एमबीपीएसवर एखादा व्हिडिओ जेमतेम चालेल, तेव्हा मर्यादेनंतरचा आकडा तेवढाच असेल तर तो लक्षात राहू द्या.

वेग किती लागतो? एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस, फोरकेला १५ ते २५, आणि व्हिडिओ कॉलला जाताना-येताना ३-४. चार जणांच्या घरात सगळे एकाच वेळी बसले तरी १०० एमबीपीएस पुरतो. इथे एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि एमबी (मेगाबाइट) यांची गल्लत करू नका, आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीच्या वेगाने उतरते. तेवढाच आकडा दिसत असेल तर लाइन पूर्ण वेगाने चालली आहे, कंपनीने फसवलेलं नाही.

दुसरी पायरी: डबा कुठे बसवायचा, हे तुम्ही ठरवा

सगळ्यात जास्त विचार इथे करा. फायबर बसवणाऱ्या मुलाला दिवसभरात बरीच घरं करायची असतात, त्यामुळे डक्ट जिथून जवळ तिथेच, म्हणजे बहुधा मुख्य दाराशेजारी किंवा टीव्हीच्या युनिटमागे, तो डबा (फायबर ज्यात येऊन संपते तो, बहुधा राउटरही त्यातच असतो) लावतो. दार घराच्या एका टोकाला असतं आणि मास्टर बेडरूम दुसऱ्या टोकाला. तिथून पुढचं सगळं बिघडतं.

तो यायच्या आधीच घराचा आराखडा कागदावर काढा. घराचा मध्य शोधा, तिथे प्लग पॉइंट आहे का पाहा. नसेल तर जवळचा पॉइंट कोणता ते ठरवा. मध्य बहुधा पॅसेजमध्ये येतो, आणि पॅसेजमधली लॉफ्टखालची भिंत राउटरसाठी उत्तम. डबा जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, मोकळ्या हवेत हवा. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, फिश टँक आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब ठेवा. धातू आणि पाणी सिग्नल अडवतात, आणि मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये गोंधळ होतो. लाकडी शोकेसच्या आत राउटर लपवला की तो सुंदर दिसतो पण तापतो.

घर कुठल्या प्रकारचं आहे यावरही खूप अवलंबून आहे. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात दीड-दोन फुटी भिंती असतात, सिग्नल एका भिंतीतच गळपटतो. तिथे वरच्या मजल्याची जमीन लाकडी असेल तर बऱ्याचदा शेजारच्या खोलीपेक्षा वरच्या खोलीत वायफाय जास्त चांगलं मिळतं. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरमधल्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत आतल्या भिंती चार-सहा इंची विटांच्या असतात. अशा टू-बीएचकेला एक चांगला राउटर मध्यावर बसवला की बहुधा पुरतो. सगळ्यात अवघड वाकड, हिंजवडी, खराडीकडच्या नव्या टॉवरमधली घरं. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी मायवान पद्धतीचं बांधकाम आहे. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात, त्यामुळे खोल्यांमधल्या भिंतींतही लोखंडी जाळी असते. अशा थ्री-बीएचकेत एका राउटरवर भागेल ही आशा सोडून द्या आणि पुढच्या पायरीवरचा खर्च आधीच धरा.

फायबर बसवताना जवळ उभं राहा. वायर काटकोनात दाबून वळवू देऊ नका, वळण मुठीएवढं गोल हवं. खिळा ठोकून वायर बसवू देऊ नका, क्लिप वापरायला सांगा. टोकाला बहुधा हिरवा जॅक असतो. त्याला बोट लावू नका, आणि सुटलेल्या फायबरच्या तोंडात डोकावून पाहू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो लेझरचा असतो. डबा सुरू झाल्यावर त्याला सिग्नल किती डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) मिळतोय ते मीटरवर दाखवायला सांगा. आकडा उणे १५ ते उणे २५ च्या मध्ये असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे गेला तर कुठेतरी जोड खराब आहे किंवा वायर मुडपली आहे. तो माणूस घरात असतानाच दुरुस्त करून घ्या. आकडा वहीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी नेट मंदावलं तर तुलना करायला हाताशी असेल.

तिसरी पायरी: एक-दोन वायरी टाकाच

लोक इथे हात आखडता घेतात. वायफायच्या जमान्यात वायर कशाला, असं वाटतं. पण वायफायची हवा सगळ्यांमध्ये वाटली जाते, शेजाऱ्यांच्या राउटरसकट. जी वस्तू जागची हलत नाही, जसं टीव्ही, ऑफिसचा कॉम्प्युटर आणि दुसरा राउटर, ती वायरीवर गेली की फोनना हवा मोकळी मिळते. माझ्या मते मोठ्या प्लॅनवर किंवा महागड्या राउटरवर खर्च करण्याआधी दोन चांगल्या वायरींवर करावा.

वायर कॅट ६ घ्या. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट (१००० एमबीपीएस) नेते, पण दरात आता फारसा फरक नाही. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मीटरवर वायर मिळते. तिथे एकच गोष्ट ठामपणे विचारा: शुद्ध तांब्याची आहे की सीसीए? सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त असते, वजनाला हलकी लागते आणि दोन-चारदा वाकवली की आतली तार तुटते. दुकानदाराला टोकाची एक तार सुरीने खरवडून दाखवायला सांगा. आत पांढरट चमक दिसली तर ती वायर ठेवून द्या.

घरात टीव्हीच्या केबलसाठी बिल्डरने भिंतीतून पाइप टाकलेला असतो आणि आजकाल तो बऱ्याचदा रिकामा किंवा बिनकामाचा असतो. इलेक्ट्रिशियनला सांगा, तो स्प्रिंग घालून त्यातून कॅट ६ ओढून देईल. भिंत फोडावी लागत नाही. मात्र लाइटच्या वायरींच्या पाइपमधून नेटची वायर नेऊ नका. सुरक्षेलाही ते वाईट आणि सिग्नललाही. पाइप नसेल तर स्कर्टिंगवरून पांढरी पट्टी लावून वायर नेता येते, भाड्याच्या घरात तेच सोपं.

टोकाला जॅक लावायचं काम इलेक्ट्रिशियन करतो, पण ते कसं होतं हे माहीत असावं. वायरीचं वरचं आवरण इंचभर सोलल्यावर आत चार रंगीत पीळ दिसतात. ते उलगडून आठ तारा शेजारी-शेजारी सरळ कराव्या लागतात. जॅकची खटका असलेली बाजू खाली आणि वायर घालायचं तोंड आपल्याकडे धरलं तर डावीकडून क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा एका रेषेत कापून जॅकमध्ये अशा सरकवायच्या की आठही टोकं समोरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसतील. मग पक्कड दाबायची. वायरीचं आवरणही जॅकच्या आत थोडं गेलेलं असावं, नाहीतर ओढ बसली की तारा निसटतात. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम. हिरवा आणि निळा यांची अदलाबदल ही नेहमीची चूक, तेवढी नीट पाहा.

आठांपैकी एखादी तार नीट बसली नाही तरी नेट बंदच पडेल असं नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, एक गिगाबिटला सगळ्या आठ. म्हणून ३०० चा प्लॅन घेतलेल्या घरात वायरीवर नेमके ९०-९५ एमबीपीएस दिसू लागले की समजायचं, एक तर जॅक खराब आहे किंवा राउटरचं पोर्टच १०० चं आहे. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरची पोर्ट तशीच असतात. राउटर घेताना खोक्यावर 'गिगाबिट' शब्द आहे का ते बघा.

चौथी पायरी: राउटरचं सेटिंग

राउटरच्या तळाशी स्टिकर असतो. त्यावर पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. फोन किंवा लॅपटॉप त्याच राउटरला जोडा, ब्राउझरच्या पट्टीत तो पत्ता टाका, पान उघडेल.

पहिलं काम, आत शिरायचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. छापील पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो. दुसरं, वायफायला सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने फोन आणि प्रिंटर जोडले जात नाहीत, दोन्ही चालतील असा पर्याय असतो, तो घ्या. तिसरं, डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून जोडायची ही सोय पिनच्या रस्त्याने फोडता येते. वायफायच्या नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव घालू नका, आणि पासवर्ड मोबाइल नंबर ठेवू नका. चार मराठी शब्द एकापुढे एक रोमन लिपीत लिहिले की लांबलचक, लक्षात राहणारा आणि फोडायला कठीण पासवर्ड होतो.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून लांब जातो, पण मंद असतो आणि सोसायटीत शेजारच्या वीस घरांचं वायफायही त्यावरच असतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. दोन्ही चालू ठेवा. २.४ मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप टाकून कोणत्या चॅनलवर गर्दी कमी आहे ते पाहता येतं. त्याच पट्टीची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की आकडा वाढल्यासारखा वाटतो, पण दाट वस्तीत उलट अडथळे वाढतात. ५ गिगाहर्ट्झला मात्र ८० चालतं.

स्मार्ट बल्ब, स्वस्त कॅमेरे आणि बरेच प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. ते जोडताना अडले तर दोन्ही पट्ट्यांना थोडा वेळ वेगळी नावं द्या, वस्तू जोडून घ्या, मग हवं तर नावं पुन्हा एक करा. प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून द्या. 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाचा पर्याय असतो. तो दिला नाही की काही दिवसांनी प्रिंटर 'सापडत नाही' म्हणतो आणि कोणाला कारण कळत नाही.

पाचवी पायरी: दुसरा राउटर, नीट जोडलेला

मोठ्या किंवा काँक्रीटच्या घरात एक राउटर पुरत नाही. तेव्हा लोक दुकानातून एक्स्टेंडर आणतात आणि प्लगमध्ये खोचतात. एक्स्टेंडर सिग्नल ऐकतो आणि तोच पुन्हा पाठवतो. एकाच रेडिओवर दोन्ही कामं केली की वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे सिग्नल मुळातच अशक्त आहे तिथे तो लावला तर तो अशक्तपणाच पुढे वाटतो. लावायचाच असेल तर राउटर आणि मेलेली खोली यांच्या मधोमध लावा.

तिसऱ्या पायरीत वायर टाकली असेल तर याहून कितीतरी चांगला रस्ता आहे. घरात पडलेला जुना राउटर चालेल. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (वायरीतून आलेलं नेट फक्त वायफायवर देणं) आहे का पाहा. असेल तर तो निवडला की काम झालं. नसेल तर हे हाताने करा.

जुना राउटर आधी रीसेट करा आणि फक्त लॅपटॉपला जोडा. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि हा पत्ता मुख्य राउटर इतरांना वाटतो त्या यादीबाहेर आहे याची खात्री करा. मग याचं डीएचसीपी (जोडलेल्या वस्तूंना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच असावा, दोघे वाटायला लागले की फोनना अधूनमधून नेट मिळेनासं होतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखंच ठेवा, चॅनल मात्र वेगळं द्या. शेवटी वायर मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून या राउटरच्या लॅन पोर्टात जोडा. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं, बहुधा वेगळ्या रंगाचं, पोर्ट रिकामं राहू द्या.

वॅनमध्ये वायर खोचली तरी नेट चालतं, पण मग एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि हॉलमधल्या फोनवरून बेडरूममधला प्रिंटर दिसत नाही. कंपनीच्या डब्यात बहुधा राउटर असतोच आणि त्याला तुमचा नवा राउटर लावला की हाच प्रकार होतो. तुमच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करा, नाहीतर कंपनीला सांगून त्यांचा डबा 'ब्रिज मोड'वर टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम तुमचाच राउटर करेल.

मेश संचही (एकाच नावाचं वायफाय मिळून देणारे दोन-तीन राउटर) चांगला, वापरायला सोपा. फक्त त्याचे तुकडे एकमेकांशी हवेतून न बोलता वायरीने जोडता आले तरच काँक्रीटच्या घरात पैसे वसूल होतात.

वीज गेली तर

महावितरण देखभालीची कामं बहुधा गुरुवारी काढतं, हे पुणेकरांना ठाऊक आहे. दुपारच्या मीटिंगमध्ये नेट जाऊ नये म्हणून राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या आणि फायबरच्या डब्याच्या ॲडॅप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, बहुधा १२ असतात पण काही ठिकाणी ९ किंवा ५ सुद्धा. अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. दोन डबे वेगळे असतील तर दोन आउटपुट असलेला यूपीएस पाहा. फक्त राउटर चालू राहून फायबरचा डबा बंद झाला तर उपयोग नाही.

रूममेट, पाहुणे आणि जबाबदारी

कर्वेनगर, विमाननगरकडे चार-पाच मुलं एका फ्लॅटमध्ये राहतात आणि एकाच्या नावावर नेट असतं. ज्याच्या कागदपत्रांवर कनेक्शन आहे, त्याच्या नावावर त्या लाइनवरून होणारं सगळं नोंदलं जातं. म्हणून पासवर्ड मजल्यावर सगळ्यांना वाटू नका आणि शेजारच्या घराला वायर टाकून देऊ नका. कंपन्यांच्या अटींत घराबाहेर वाटायला सहसा परवानगी नसते. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. त्यावरच्या माणसाला नेट मिळतं, तुमचा प्रिंटर आणि कॅमेरे दिसत नाहीत. एखादा रूममेट सोडून गेला की मुख्य पासवर्ड बदला. कोणी रात्रभर मोठ्या फाइली उतरवत असेल आणि इतरांचे कॉल अडकत असतील तर राउटरच्या क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणाऱ्या) सेटिंगमधून त्याला मर्यादा घालता येते. त्यावरून भांडण होण्याआधी सेटिंग करा.

नेट अडलं की आधी काय पाहाल

कंपनीला फोन करण्याआधी डब्यावरचे दिवे पाहा. 'पॉन' (PON) हिरवा आणि स्थिर हवा. 'लॉस' (LOS) लाल झाला असेल तर फायबर तुटली आहे किंवा जॅक सुटला आहे. हे घरात सुधारत नाही, तक्रार करा आणि 'लॉस लाल आहे' एवढंच सांगा, पुढचे दहा प्रश्न वाचतात. दिवे ठीक असतील तर लॅपटॉप वायरीने डब्याला जोडून वेग तपासा. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट ॲडॅप्टर घरात असावाच. वायरीवर पूर्ण वेग आला तर कंपनी निर्दोष, वायफायकडे बघा. वायरीवरही कमी आला तर स्क्रीनशॉट काढा आणि तक्रारीला जोडा.

नेट आहे पण एखादी साइटच उघडत नाही, असं वारंवार होत असेल तर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहा: १.१.१.१ किंवा ८.८.८.८.

घरचा कॅमेरा ऑफिसमधून दिसत नाही, ही तक्रारही फार येते. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. अशा लाइनवर राउटरच्या सेटिंगमध्ये 'पोर्ट' (बाहेरून आत यायची वाट) उघडून कॅमेरा पाहता येत नाही, कितीही सेटिंग केलं तरी. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा, किंवा जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता) घ्या.

घर सोडताना

भाड्याच्या घरातून निघताना फायबरचा डबा कोणाचा आहे ते बघा. बहुधा तो कंपनीचा असतो आणि त्यासाठी अनामत घेतलेली असते. तो ॲडॅप्टरसकट परत करा, पावती घ्या आणि कनेक्शन बंद केल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा, नाहीतर पुढच्या भाडेकरूच्या वापराचं बिल तुमच्या नावावर येत राहील. स्वतःचा राउटर मागे ठेवून जाणार असाल तर मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा. सगळे दिवे एकदम लुकलुकले की त्यातली तुमची नावं आणि पासवर्ड पुसले गेले.